बोराएवढं

फड तुटून गेला की बुडखे राहतात मागं,
तिरके, कोयत्यानं छाटलेले,
नुकत्या टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे.
सन्मती त्यांच्यातनं पळाला,
निघालेल्या ट्रॉलीतनं एक ऊस ओढायला,
आणि पडला.

मानेला उजवीकडं भोक. बोराएवढं.
रक्त म्हणाल तर माझ्या पदराचं टोक भिजलं,
तेवढंच.
कारदग्याचे डॉक्टर म्हणाले, टाका घालता येईल,
पण मी घालणार नाही.
लहान पोराच्या मानेत दोन बोटांच्या जागेत
सगळं गाव दाटीनं राहतं, वहिनी.
बेळगावला न्या. आत्ता.

तवंदी घाटात तो म्हणाला, आई, तहान.
पीठ चाळताना येतो तसा आवाज.
भरतेशनं स्टेअरिंगवरनं मान न वळवता विचारलं,
कोण बोललं?

कोप्पद मॅडमनी डोळ्यांत बॅटरी मारली.
डाव्या डोळ्याची बाहुली मिरीएवढी,
उजव्याची मोहरी.
उजवी पापणी अर्ध्यावर आलेली,
दुपारी वाणी शटर ओढतो तशी.
त्या दुसऱ्या डॉक्टरला म्हणाल्या, नरक्क पेट्ट आगैति.
माझं माहेर शिरोळचं. कानडी मला बाजारापुरती,
वांगी किती, मिरची किती.
मी नरक ऐकलं.
शैला सिस्टरनं हात धरला. नर म्हणजे मज्जातंतू हो, ताई,
मेंदूचा निरोप नेणारी तार. तिला मार लागलाय.
आवाजाची एक, डोळ्याची एक.

मग मॅडम म्हणाल्या, रक्तनाळ.
ते कुणी उलगडून सांगावं लागलं नाही.
नाळ त्याची एकदा कापून झाली होती,
नऊ वर्षांमागं, चिकोडीच्या दवाखान्यात, माझ्यासमोर.
आत आणखी एक आहे, अंगठ्याहून बारीक,
आणि तीही तुटू शकते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भोक बुजत आलं
आणि शेजारी गाठ उठली.
बोट ठेवलं तर ठोके देत होती,
पोटात असताना लाथ मारायचा, तशीच.
मी सिस्टरला हाक मारायच्या आत
त्याच्या डाव्या हातातनं पेला पडला.
पाणी पलंगाखालून दारापर्यंत गेलं.
जखम उजवीकडं, हात डावा कसा?
सिस्टर पळता पळता म्हणाली,
गुठळी वर गेली, ताई. मेंदू उलटा हिशेब ठेवतो.

साडेचार तास.
दिवस मावळल्यावर तोंडात काही न घालणारी मी,
भरतेशनं कागदी कपात चहा दिला, तो प्यायले.
गोड होता एवढं आठवतं.
सही करताना कागद कानडीत होता.
मी खाली माझं नाव मराठीत लिहिलं, पद्मश्री,
आणि ते चाललं.

आता बुडख्यांना पुन्हा फुटवे आलेत, गुडघाभर.
सन्मती डाव्या हातानं रबरी चेंडू दाबतो,
शंभर म्हणून साठच दाबतो, मोजणी चोरतो.
शाळेत हजेरीला हजर म्हणाला
तेव्हा पहिल्या दिवशी पोरं हसली.
आमची म्हैस अजून त्याच्या हाकेला वळत नाही.
लांबनं कान हलवते, बघते,
आणि चरायला लागते.
तो तिच्यापर्यंत चालत जातो. कासऱ्याला धरून आणतो.

काल उन्हात खेळून आला.
डाव्या गालावरनं घाम निथळत होता,
उजवा गाल कोरडा, भाकरीच्या पाठीसारखा.
मधोमध कपाळावरनं नाकाच्या शेंड्यापर्यंत रेघ,
कुणी पट्टी धरून आखलेली.
आमच्याकडं रेघांचं नवल नाही.
शिवेपलीकडं माझं माहेर, अलीकडं घर,
पाटीवरची अक्षरं बदलतात, ऊस तोच.

मी पदर घेतला आणि आधी कोरडी बाजू पुसली.
तिकडं काही नाही, आई, तो म्हणाला,
त्याच्या त्या पिठाच्या आवाजात.
असू दे, म्हटलं.
आणि पुसत राहिले.